राखून ठेवलेले सर्व्हर

दिवाळीची सुट्टी संपून ऑफिस सुरू झालं त्याच आठवड्यात दादांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर क्लाउडचं बिल होतं. उन्हाळ्यात यायचं त्याच्या जवळजवळ दुप्पट.

दादा म्हणजे आमचे मालक. उचगावात, हायवेपासून थोडं आत, पंप-मोटारीच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. सकाळ-संध्याकाळ गवळी किटली घेऊन संस्थेत येतो, दूध मोजलं जातं, फॅट लागते आणि तो आकडा आमच्या सॉफ्टवेअरमधून संस्थेच्या खात्यात आणि गवळ्याच्या मोबाइलवर जातो. हे सगळं चालतं ते भाड्याच्या सर्व्हरवर. ते कुठल्या शहरात, कुठल्या इमारतीत आहेत, आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. आम्ही फक्त वापरतो आणि महिन्याला भाडं भरतो. त्यालाच क्लाउड म्हणायचं.

"मॅडम, तुमचा हात हिशोबातला हाय," दादा म्हणाले. "ह्यातलं काय कुठं जातंय ते मला कळंना झालंय. आजपासनं ह्याच्यावर तुम्ही लक्ष ठेवायचं."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हती. उन्हाळ्यात त्यांनी वर्षभरासाठी सर्व्हर राखून ठेवले होते. वर्षाचा शब्द दिला की भाडं बरंच कमी लागतं. अट एकच, वापरा किंवा न वापरा, पैसे द्यायचेच. खानावळीत महिन्याचा डबा लावतो तसं. जेवलात तरी तेवढेच, उपाशी राहिलात तरी तेवढेच.

"मग बिल कमी यायला पाहिजे होतं ना?" मी विचारलं.

"तेच म्हणतोय मी," दादा म्हणाले.

मी या कंपनीत आले तेव्हा चाळिशीला टेकले होते. लग्नाआधी पुण्यात एका फायनान्स कंपनीत कागद तपासायचं काम केलेलं, त्यानंतर मुलं आणि सासूबाईंचं आजारपण यात कितीतरी वर्षं घरी गेली. कोल्हापुरात परत आल्यावर नोकरीसाठी जिथे जाईन तिथे मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल विचारायचे. इथे मला ज्यांनी घेतलं ते दादा नव्हते. घेतलं ते सरांनी.

सर म्हणजे कंपनीचं सगळं तांत्रिक काम बघणारे. ते कागलचे, दादाही कागलचेच. दोघं एका बाकावर शिकलेले, एकाच सायकलवरून कॉलेजला गेलेले. कंपनी काढायची कल्पना दोघांची. दादांनी घरचा पैसा घातला, सरांनी फाउंड्रीतली पक्की नोकरी सोडून पहिला प्रोग्राम लिहिला. मुलाखतीत सरांनी मला त्या रिकाम्या वर्षांबद्दल काहीच विचारलं नव्हतं. एका दूध संस्थेचा दहा दिवसांचा हिशोब पुढ्यात टाकून म्हणाले होते, "ताई, ह्यात चूक हाय. सापडती का बघा." चूक सापडली, नोकरी लागली. त्यानंतर कॉम्प्युटरमधलं जे काही मला येतं ते त्यांनी शेजारी खुर्ची ओढून शिकवलेलं.

आणि गेल्या फेब्रुवारीपासून हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. आधी दुपारचा डबा दोघं दादांच्या केबिनमध्ये एकत्र खायचे. सरांच्या घरची भाकरी दादा घ्यायचे, दादांच्या घरची भाजी सर. सरांच्या मुलीचं लग्न झालं आणि त्यानंतरच्या सोमवारपासून सर आपला डबा आमच्याबरोबर बाहेरच्या टेबलावर खायला लागले. दादांच्या केबिनचं दार, जे कधी लागायचं नाही, ते लागलेलं असायचं. कामाचं जे बोलणं असेल ते आमच्यापैकी कुणामार्फत तरी व्हायचं. "सरांना विचारा, ते झालंय का." "दादांना सांगा, उद्या होतंय." अंतर वीस पावलांचंही नसेल. सुरुवातीला आम्हाला अवघडल्यासारखं व्हायचं, नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

लग्न आजऱ्याला होतं, मुलाकडचे तिथले. आम्ही ऑफिसातले सगळे एक गाडी करून गेलो होतो. दादा आले नव्हते. त्या दिवशी त्यांची बेंगळुरूला एका मोठ्या गिऱ्हाइकाबरोबर बैठक होती. त्यांनी वहिनींच्या हाती आहेर पाठवला होता. तो चांगला भारी होता, असं नंतर कुणीतरी म्हणालं. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

तर बिल मी बघायला घेतलं. क्लाउडवाल्यांच्या पानावर एक आलेख असतो. जे राखून ठेवलंय त्यातलं प्रत्यक्षात किती वापरलं जातंय ते त्यात दिसतं. मी मे महिन्यापासून बघत आले. मे, जून, जुलै, ऑगस्ट, रेघ वरच्या वर सपाट. जे राखलं ते जवळपास सगळं वापरात. मग दिवाळीच्या आधी एका रविवारी ती रेघ एकदम खाली आली आणि तळाला जाऊन बसली. त्याच रविवारपासून दुसरी एक रेघ वर चढली होती, ती पूर्ण दराने घेतलेल्या सर्व्हरची.

मला आधी वाटलं, मीच चुकीचं वाचतेय. दोन दिवस मी तेच तेच पान उघडून बघत होते. तिसऱ्या दिवशी क्लाउडवाल्यांच्या मदतकक्षाला विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. राखून ठेवलेली जागा ठरावीक प्रकारच्या सर्व्हरलाच लागू असते. तुम्ही प्रकार बदललात की सवलत त्याच्यामागे जात नाही. जुन्याचे पैसे चालू राहतात, नव्याचे वेगळे लागतात. म्हणजे डबा बंद न करता आम्ही महिनाभर रोज बाहेर जेवत होतो.

प्रकार कुणी बदलला हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. तो रविवार मला आठवत होता. दिवाळीच्या आधी संस्था वर्षभराच्या दुधाचा फरक, म्हणजे दरातली वाढीव रक्कम, सभासदांना वाटतात. प्रत्येक सभासदाचं वर्षाचं दूध, फॅट, दर, सगळं एकदम मोजायचं असतं आणि सगळ्या संस्था ते एकाच आठवड्यात करतात. त्या आठवड्यात आमचे जुने सर्व्हर दमले होते. सकाळी संकलनाच्या वेळी स्क्रीन अडकायची, दारात किटल्यांची रांग, संस्थांचे सेक्रेटरी फोनवर शिव्या घालत होते. सरांनी त्या रविवारी एकट्याने बसून सगळं नव्या, जास्त ताकदीच्या सर्व्हरवर हलवलं आणि जुने बंद केले. सोमवारी सकाळी एकही फोन आला नाही. आम्ही सगळ्यांनी त्यांच्यासाठी पेढे आणले होते.

घरी मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुला बघायला सांगितलं, तू बघितलंस, जे दिसलं ते सांगून मोकळी हो. त्यांचं बरोबर होतं. पण मी जे सांगणार होते त्याचा दादा काय अर्थ लावतील हे मला दिसत होतं. सरळ होतं ते. सरांनी न विचारता सर्व्हर बदलले आणि कंपनीचं नुकसान झालं. कागदावर वाचलं तर तसंच दिसत होतं.

मी आधी सरांकडे गेले. ते मागच्या गॅलरीत उभे होते, खाली दुकानात मोटारीची चाचणी चालू होती. मी त्यांना उन्हाळ्यातल्या रिझर्व्हेशनबद्दल सांगितलं. त्यांना माझं बोलणं लगेच कळलं नाही, किंवा कळलं पण विश्वास बसला नसावा.

"कुठल्या प्रकारचे घेतलेत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. खालच्या मोटारीचा आवाज थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

"एक शब्द टाकला असता तर मी जुन्यातच अजून चार वाढवून भागवलं असतं," ते म्हणाले. "अवघड न्हवतं ते."

मी म्हटलं, "सर, तुम्ही दोघं बसून बोला. मी मध्ये नको."

"मी न्हाय जाणार त्याच्या केबिनात. तुम्ही सांगा. जे हाय ते सांगा, माझं नाव घेऊन सांगा. लपवून काय हुतंय?"

दुपारी मी दादांना सांगितलं. आलेख दाखवला, दोन्ही रेघा दाखवल्या, डब्याचं उदाहरण दिलं. दादांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाले, हे असंच होणार होतं, त्याला वाटतं कंपनी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर चालते. मला म्हणाले, कधी बदललं, कुणी बदललं, कुणाला विचारून बदललं, असं सगळं व्यवस्थित लिहून द्या. मार्चमधल्या पगारवाढीचं आता काही खरं नाही, हेही सगळ्यांना कळू दे.

मी लिहायला उठले नाही. मला भीती वाटत होती, पण विचारलं. "दादा, तुम्ही रिझर्व्हेशन केलं तेव्हा सरांना सांगितलं होतं का?"

या केबिनमध्ये त्यांना असा प्रश्न फक्त एकच माणूस विचारायचा आणि तो आता आत येत नव्हता. दादा म्हणाले, "बोलवा त्याला."

मी सरांना बोलावलं. ते येणार नाहीत असं वाटलं होतं. पण दादांनी बोलावलंय म्हटल्यावर ते लगेच उठले, जणू कितीतरी महिने तेवढ्याच शब्दाची वाट बघत होते. केबिनमध्ये येऊन मात्र ते बसले नाहीत. मी बाहेर जायला निघाले तर दादा म्हणाले, "तुम्ही थांबा." तिथे थांबणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं.

"सर्व्हर बदलताना मला इचारायचं न्हाईस?" दादांनी सुरुवात केली.

"तू वर्षाचे घेताना मला सांगिटलंतंस?"

"मालक हाय मी."

"व्हय. तेच ध्यानात ठेवून गप बसलोय." सरांचा आवाज वर गेला नाही. "आणि सांगाय आलतो मी त्या शनिवारी. तुझं दार लावलेलं हुतं."

"दार लावलेलं हुतं, कुलूप न्हवतं की."

मग सर अशा गोष्टीबद्दल बोलले जिचा सर्व्हरशी काही संबंध नव्हता, आणि मला समजलं की सगळा संबंध तिच्याशीच होता.

"आजऱ्यात अक्षता थांबवल्यात्या मी तुझ्यासाठी," ते म्हणाले. "भटजी दोनदा म्हणाला, मुहूर्त निघाला. पोरीचे सासरे तोंडाकडं बघाय लागले. मी म्हटलं, माझा भाऊ यायचाय."

"बेंगळुरूला बैठक हुती. तुला ठाऊक हुतं की."

"ठाऊक हुतं. तरी वाटलं येशील."

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. मला मनापासून वाटत होतं की दादा आता काहीतरी बोलतील. फार मोठं काही नको होतं. चुकलं गड्या, एवढं जरी म्हणाले असते तरी पुरलं असतं. सर त्यासाठीच उभे होते. दादांनी तोंड उघडलं आणि लॅपटॉप जवळ ओढला.

"बरं," ते म्हणाले, "आता ह्याचं काय करायचं ते बोला मॅडम."

सरांनी मान हलवली. मग खुर्ची ओढून बसले आणि पुढचा अर्धा तास त्यांनी फक्त सर्व्हरबद्दल सांगितलं, अगदी नीट, मला समजेल अशा शब्दांत. राखलेले बदलून मिळतील का, हे मी आधीच विचारलं होतं. आमच्या प्रकाराला ते चालत नव्हतं. म्हणजे जे आहे ते उन्हाळ्यापर्यंत वापरून संपवायचं. सकाळ-संध्याकाळच्या संकलनाचं काम नव्या सर्व्हरवर राहू दे, ते अडकून चालणार नाही. बाकीचं सगळं, म्हणजे दुपारचे अहवाल, जुन्या वर्षांची माहिती, प्रोग्रामच्या चाचण्या, रोजचा बॅकअप, हे जुन्या राखलेल्यांवर परत न्यायचं आणि तेवढे नवे कमी करायचे. ते हे सांगत असताना दादा वहीत काहीतरी लिहीत होते आणि एकदाही वर बघत नव्हते.

पुढचे काही आठवडे सरांनी तेच काम केलं. मी दर सोमवारी आलेख उघडायचे. तळाला बसलेली रेघ हळूहळू उठायला लागली. एखाद्या आठवड्यात ती पुन्हा घसरायची, म्हणजे कुणीतरी सवयीने एखादी चाचणी नव्या सर्व्हरवर चालवलेली असायची. मग मी जाऊन त्याला शोधायचे आणि सांगायचे. पोरं मला बघून हसायची, वसुलीवाल्या आल्या म्हणायची. मी ठरवून दिलं होतं की कुणीही नवा सर्व्हर घेताना आधी आमच्या ग्रुपवर टाकायचं, आणि राखलेल्यांचा वापर ठरावीक पातळीच्या खाली गेला की मला आणि दादांना दोघांनाही मेसेज यायचा. संक्रांतीपर्यंत बिल पुष्कळ खाली आलं. पूर्वीइतकं नाही, पण दादांचा श्वास मोकळा व्हावा इतकं. मार्चमध्ये थोडी का होईना पगारवाढही झाली.

पगारवाढीचं पत्र घेऊन सर दादांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांनी ते परत केलं, सोबत राजीनामाही दिला. पुण्याच्या एका कंपनीने त्यांना घरून काम करायला घेतलं होतं. हे आम्हाला दादांकडून कळलं, सर काहीच बोलले नाहीत.

दादांनी मला दोनदा सांगितलं की तुम्ही त्यांना समजवा, तुमचं ऐकतील. मी म्हटलं, तुम्ही बोला. ते म्हणाले, मी बोललो तर आणखी बिघडेल. मी गेले सरांकडे. पण समजवायला तोंड उघडलं आणि मलाच कळेना की काय सांगायचं. राहा, कारण दादांना तुमची गरज आहे? ते दादांनी सांगायचं होतं. सरांनी मला सोडवलं. म्हणाले, "ताई, रागावून न्हाय चाललो. राग असता तर थांबलो असतो." आणि मग मला बॅकअपबद्दल काहीतरी समजावून सांगायला लागले.

शेवटच्या दिवशी आम्ही निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. दादांनी भाषण केलं, कंपनीच्या सुरुवातीचे दिवस सांगितले, सायकलवरून कॉलेजला जायचे ते सांगितलं. सगळे हसले, सरही हसले. शाल देताना दोघांचे हात एकमेकांना लागले आणि दोघांनीही पटकन काढून घेतले. नंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. माझा त्या आलेखावर राग होता, आणि त्या पानावर राग धरण्यात काही अर्थ नाही हेही कळत होतं. मी बघितलं नसतं तर ते दोघं वर्षानुवर्षं तसेच शेजारच्या खोल्यांत बसून राहिले असते का? की तेच बरं झालं असतं? यजमान म्हणतात, जे आतून तुटलेलं होतं ते तुला फक्त दिसलं. पण ते सगळं चालू असताना मी त्या खोलीत उभी होते, ते नव्हते.

मे महिन्यात रिझर्व्हेशनची मुदत संपत आली. दादांनी मला बोलावलं. तीन वर्षांची घेतली तर भाडं आणखी उतरत होतं आणि त्यांना तो आकडा खुणावत होता. माझ्याजवळ वर्षभराचा वापर होता, पण पुढे काम कसं वाढेल, सर्व्हरचा प्रकार पुन्हा बदलावा लागेल का, हे सांगणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. सरांच्या जागी घेतलेला मुलगा हुशार होता, पण त्याला आमची दिवाळी अजून माहीत नव्हती.

"त्याला इचारा," दादा म्हणाले. नाव घेतलं नाही.

मी दादांच्या समोर बसूनच फोन लावला. सरांनी लगेच उचलला. तब्येत, मुलगी, माझी मुलं, सगळं विचारून झालं. मी प्रश्न सांगितला. त्यांनी दोन-तीन गोष्टी विचारून घेतल्या, किती संस्था वाढल्या, सकाळचा भार किती. मग म्हणाले, तीन वर्षांत सर्व्हर कुठल्या कुठे जातात, स्वस्त दिसतंय म्हणून गळ्यात बांधून घेऊ नका. रोजचं जेवढं नक्की लागतं तेवढंच राखा, तेही एका वर्षासाठी, वरचं लागेल तसं घ्या. दिवाळीचं वेगळं बघा.

मी लिहून घेत होते. दादा पेन फिरवत खिडकीकडे बघत होते.

"तो बसलाय काय समोर?" सरांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

मी फोन किंचित पुढे धरला. दादांनी तो बघितला, हात टेबलावरून उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. सर पलीकडून वाट बघत होते, त्यांच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"एकाच वर्षाची घ्या म्हणावं त्याला," सर म्हणाले. "ठेवतो ताई."

"काय म्हणाला?" दादांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी एका वर्षाचीच घेतली. आणि या वेळी बटण दाबण्याआधी बाहेर येऊन, आम्हा सगळ्यांना टेबलाभोवती गोळा करून, किती घेतोय आणि कुठल्या प्रकारचे घेतोय ते मोठ्याने वाचून दाखवलं.